रंगांध मुलीचा बाप

टोमॅटोच्या दिवसांत आमच्या घरी कोणी मान वर करून बोलत नसे. पडवीत गोणपाटं अंथरलेली असत, मधोमध तोडून आणलेल्या मालाचा ढीग आणि ढिगाभोवती आम्ही चौघं. हिरवट टोमॅटो एका बाजूला, निम्मे रंगावर आलेले दुसऱ्या बाजूला, पूर्ण लाल तिसऱ्या बाजूला. हिरवट माल लांबच्या गाडीला जायचा, निम्मा पिकलेला मुंबईला, आणि लाल नाशकातल्याच बाजाराला. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, भरलेल्या लाकडी खोक्यांवर फळ्या ठोकायचा आणि त्या ठकठकीत मागच्या विहिरीवरच्या मोटारीचा आवाज मिसळून जायचा. टोमॅटोच्या झाडाला एक उग्र वास असतो, हाताला लागला की साबणानेही जात नाही. आमच्या भाकरीलासुद्धा तो वास यायचा. नाशिक आमच्या मळ्यापासून सायकलच्या अंतरावर होतं, पण त्या दिवसांत ते परमुलखात असल्यासारखं वाटायचं, कारण ढीग संपल्याशिवाय कोणी उठायचंच नाही.

या कामात मी ढ होते. माझ्या हाताखालून गेलेल्या खोक्यात हमखास चार-दोन लालभडक टोमॅटो हिरवटांत गेलेले असायचे, ते वाटेत फुटायचे आणि सगळं खोकं नासायचं. मग नाना, माझे वडील, सगळ्यांसमोर ओरडायचे, "डोळे हायेत का बटणं? एवढं लाल दिसंना तुला?" मला खरंच दिसत नव्हतं, पण दिसत नाही हे मला कळत नव्हतं. मला वाटायचं, बाकीचे लोक जास्त लक्ष देऊन बघतात आणि आपण लक्ष देत नाही. म्हणून मी माझी एक युक्ती काढली होती. टोमॅटो उचलायचा, अंगठ्याने देठाजवळ हलकं दाबायचं, आणि कोणाचं लक्ष नाही असं बघून देठाच्या खळगीचा वास घ्यायचा. कच्च्याला पानांचा वास येतो, पिकलेल्याला गोडसर. याला वेळ लागायचा. म्हणून मी ढ आणि वर आळशी, अशी दोन्ही बिरुदं मला मिळाली होती.

आत्या, नानांची मोठी बहीण, शेजारच्याच वाडीत दिलेली. दुपारी चहाला यायची आणि माझ्याकडे बघून आईला ऐकू जाईल असं म्हणायची, "आमच्यात तर कोणी असं धांदरट नाय बाई. कोणावर गेली ही पोरगी कोणास ठाऊक!" गंमत अशी की आई काही परकी नव्हती. आमच्यात मामाची मुलगी करायची पद्धत. आई नानांच्या सख्ख्या मामाची मुलगी. म्हणजे आत्याचीही मामेबहीणच. तरी बोट दाखवायची वेळ आली की आई 'वणीकडची' व्हायची, कारण तिचं माहेर वणीजवळ. आई चुलीपुढे बसून बाजरीच्या भाकरीला हात मारत राहायची, नेहमीपेक्षा जरा जोरात. त्या थापटण्याच्या आवाजावरून मला तिचा राग मोजता यायचा.

आत्याचा दुसरा विषय म्हणजे आईचं बाजारात जाणं. नानांचा एक जुना टेम्पो होता. आमचा आणि आजूबाजूच्या मळ्यांतला माल भरून ते रोज पहाटे बाजार समितीत आणि तिथून नाशकातल्याच द्वारका चौकात ट्रान्सपोर्टवाल्यांकडे न्यायचे. आई कायम पुढे त्यांच्याशेजारी बसून जायची. गावात दुसऱ्या कोणाची बायको अशी जात नव्हती. लोक नानांची चेष्टा करायचे की बायकोशिवाय गाडी चालूच होत नाही यांची. आत्या चेष्टा करत नसे. "घरात कामं काय कमी हायेत? रोज उठून बाजारात काय मिरवायचंय बाईमाणसानं?" असं ती म्हणायची, आणि नाना तेव्हा बाहेर जाऊन टेम्पोची चाकं बघायचे.

दहावीला मला बरे मार्क पडले आणि शाळेतल्या सरांनी नानांना गाठून मला सायन्सला घालायला लावलं. गावातून नाशकात सायन्सला जाणारी मी एकटीच मुलगी. सकाळच्या बसने जायचं, दुपारच्या बसने यायचं. वर्गातल्या मुली कॉलेज रोडच्या, गंगापूर रोडच्या. वाईट नव्हत्या, पण त्या जे बोलायच्या त्यातलं मला निम्मं कळायचं नाही आणि मी बोलले की त्या एकमेकींकडे बघायच्या. मग मी बोलणंच कमी केलं. जिन्याखाली पाण्याच्या टाकीजवळ एक कट्टा होता, तिथे बसून मी डबा खायचे. भाकरी, ठेचा, कधी मटकी. डबा उघडला की आईच्या हाताचा वास यायचा आणि तेवढी दहा मिनिटं बरं वाटायचं. एकटेपणाचंही एक वेळापत्रक असतं, ते एकदा बसलं की माणूस त्यात निभावून नेतो. निदान मी नेत होते.

बारावीला आम्हाला जीवशास्त्र शिकवायला एक मॅडम होत्या, सडपातळ, कायम सुती साडी, हाताला खडू लागलेला. मिऑसिस, म्हणजे अंडं आणि शुक्रपेशी तयार होताना गुणसूत्रांची होणारी वाटणी, त्यांनी चपलांवरून शिकवलं. "समजा तुमच्या घराच्या दारात चपलांचे तेवीस जोड आहेत," त्या म्हणाल्या. "प्रत्येक जोडातली एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. आता पिशवीत प्रत्येक जोडातली एक-एकच चप्पल भरायची. कोणती, ते ठरलेलं नाही. ही पिशवी म्हणजे तुमचं अंडं किंवा शुक्रपेशी. दोन पिशव्या एकत्र आल्या की पुन्हा तेवीस जोड." वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी तेविसावा जोड फळ्यावर काढला. बाईचे दोन एक्स. पुरुषाचा एक एक्स आणि एक वाय. "मुलाला बापाकडून वाय मिळतो. बापाचा एक्स मुलाला कधीच मिळत नाही. तो फक्त मुलीला मिळतो." माझ्या डोक्यात आलं, म्हणजे नानांचं हे दादाला नाही, मला. घरात अशी एक तरी गोष्ट होती जी दादाला न मिळता मला मिळाली होती. मला त्या तासाला फार आनंद झाला होता हे आठवतं, आणि त्याचं हसूही येतं.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी ठिपक्यांच्या चित्रांचं एक पुस्तक आणलं. रंगीत ठिपक्यांनी भरलेली वर्तुळं आणि त्यांत लपलेले आकडे. पुस्तक बाकाबाकावरून फिरत होतं, प्रत्येकाने उघडलेल्या पानावरचा आकडा मोठ्याने सांगायचा. एका मुलाला सांगता येईना. वर्ग खिदळला, मॅडमनी त्याला प्रेमाने बसवलं. पुस्तक माझ्याकडे आलं. पानावर ठिपके होते, नुसते ठिपके. मी वर बघितलं, खाली बघितलं. शेजारच्या मुलीने नुकताच त्याच पानावरचा आकडा सांगितला होता, तोच मी सांगितला आणि पुस्तक पुढे दिलं. मॅडम सांगत होत्या, लाल-हिरव्याचा हा दोष एक्सवर असतो. मुलाकडे एकच एक्स, तो सदोष असला की झालं. मुलीकडे दोन असतात, एक चांगला असला तरी भागतं, म्हणून मुलींत हे फार क्वचित. "आणि कधी रंगांध मुलगी भेटलीच तर तिचे वडील रंगांध असायलाच हवेत. तिचा एक एक्स त्यांच्याकडूनच आलेला असतो. परीक्षेला विचारतात हे, लिहून घ्या."

सगळ्यांनी लिहून घेतलं. मीही.

बसस्टॉपवरच्या बाकावर बसून मी वहीच्या मागच्या पानावर, आईबापांचे एक्स-वाय मांडायचा मॅडमनी शिकवलेला चौकोन दहा वेळा काढला. आईचे दोन एक्स वर, नानांचा एक्स आणि वाय बाजूला. कसंही फिरवलं तरी उत्तर एकच. माझे वडील रंगांध असायलाच हवेत. आणि नाना तर 'एवढं लाल दिसंना तुला?' म्हणून माझ्यावरच ओरडणारे. नाना टेम्पो चालवणारे, द्वारकेच्या गर्दीतून गाडी काढणारे. नाना रंगांध नव्हते. म्हणजे मग नाना माझे वडील नव्हते. अठरा वर्षं पूर्ण व्हायच्या आत मला ही गोष्ट एका चौकोनाने सांगितली. त्या दिवशी माझ्या दोन बस माझ्यासमोरून निघून गेल्या.

आज पन्नाशीला टेकल्यावर वाटतं, किती सोपं होतं कोणाला तरी विचारणं. मॅडमना विचारता आलं असतं. पण त्यांना विचारायचं म्हणजे आधी 'मला दिसत नाही' हे सांगायचं, आणि मग दुसरी गोष्ट त्यांना आपोआप कळणार. ती दुसरी गोष्ट माझ्या आईची अब्रू होती. अशी शंका ना मैत्रिणीला सांगता येते, ना भावाला. ती एकट्यानेच सांभाळायची असते.

शंकेला पुरावे लागत नाहीत, ती असलेल्या गोष्टींनाच पुरावे करते. आई रोज बाजारात का जाते? बाजारातला एक गोरा, हसरा व्यापारी आईला 'वहिनी' म्हणायचा आणि माझ्यासाठी जिलबीची पुडी द्यायचा. तो मला का देतो, दादाला का नाही? मी आरशात माझं नाक बघायचे, मग नानांचं नाक बघायचे. आई डब्याला काय देऊ विचारायची, तर मी "काहीही" म्हणायचे. तिने डोक्याला तेल लावायला बोलावलं की अभ्यास आहे म्हणून उठायचे. एकाच घरात राहून मी माझ्या आईला वाळीत टाकलं, आणि का टाकलं हे तिला सांगितलं नाही. आयुष्यात मी लहानमोठी बरीच पापं केली, पण या पापाची लाज मला अजून वाटते.

एकदा मी नानांची परीक्षाही घेतली. राखीला दुकानात गेलो होतो. दोन रिबिनी हातात धरून मी विचारलं, "नाना, यातली लाल कोणती?" मला स्वतःला माहीत नव्हती, दुकानदाराकडून नंतर खात्री करणार होते. नानांनी रिबिनींकडे बघितलं, मग आईकडे बघितलं. आई दुसरीकडे भाव करत होती. "दोन्ही घे की," नाना म्हणाले. "पोरीच्या जातीला रिबिनी काय जड हायेत?" मला वाटलं, पोटची नाही म्हणून चुकवतायत, लक्षच नाही यांचं. बापाने दोन रिबिनी घेऊन दिल्या आणि मी रडत घरी आले.

नवरात्र बसलं आणि वणीकडून निरोप आला की आजोबांना, आईच्या वडिलांना, बरं नाही. आई दादाला घेऊन चार दिवसांसाठी गेली. जाताना तिने नानांना बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. आपण नसताना गाडी बाजारात न्यायची नाही, माल शेजाऱ्याच्या गाडीतून पाठवायचा, असं ठरल्याचं मला नंतर कळलं. पण माल थांबत नाही. तिसऱ्या दिवशी मजूर बायांनी दुपारपर्यंत तोडा केला, पडवीत ढीग ओतला आणि त्या निघून गेल्या. शेजाऱ्याची गाडी चार वाजता येणार होती. ढिगाच्या एका बाजूला नाना बसले, दुसऱ्या बाजूला मी.

बराच वेळ कोणी हात घातला नाही. मी वाट बघत होते नानांनी सुरुवात करायची. नाना वाट बघत होते माझी.

"कर ना सुरू," नाना म्हणाले.

"तुम्ही करा ना. माझं चुकतं."

"आता नाय चुकायचं. कॉलेजात जाती ना?"

मी एक टोमॅटो उचलला. नानांनी एक उचलला. मी माझा त्यांच्यापुढे धरला. "नाना, हा कशात टाकू?"

त्यांनी माझ्या हातातला टोमॅटो घेतला. अंगठ्याने देठाजवळ हलकं दाबला. मग त्यांनी एकदा दाराकडे बघितलं आणि तो नाकाशी नेला.

जगात असं करणारी मी एकटीच आहे असं मला तोपर्यंत वाटत होतं. ती दाराकडे टाकलेली नजरसुद्धा माझीच होती. मी नुसती बघत राहिले. नानांच्या लक्षात आलं, त्यांनी टोमॅटो झटकन खाली ठेवला.

"वास कशाला घेताय?" मी विचारलं.

"असंच. सवय हाय."

"नाना, तुम्हाला यातला लाल दिसत नाही ना?"

ते चिडतील असं वाटलं होतं. ते चिडले नाहीत. खांदे खाली पडले त्यांचे. "हळू बोल," ते म्हणाले. पडवीत आमच्याशिवाय कोणी नव्हतं.

"मलाही दिसत नाही," मी म्हणाले.

"ठाऊक हाय मला. पाच वर्षांची होती तू. पळसाच्या झाडाखाली हुबी करून म्हटलं, फुलं बघ कशी लागलीत. तर म्हणली, कुठंयत फुलं? तवाच समजलो." मग ते म्हणाले, "मलाबी नव्हती दिसत. लोक म्हणत व्हते म्हणून मी म्हटलं."

"मग मला ओरडायचात का? बटणं म्हणायचात!"

नानांनी पंच्याने तोंड पुसलं. "तुला बोललं की लोकांचं ध्यान तुझ्याकडं जायचं. माझ्याकडं कोणी बघत नव्हतं." मग घाईघाईने म्हणाले, "सिग्नल दिसंना अशा माणसाच्या गाडीत कोण माल घालील, सांग बरं? लायसन काढून घेतील. तुझी आई बसती ना शेजारी, ती सांगती. लाल म्हटली की थांबायचं. लग्नाच्या पहिल्या वर्षापासून सांगती. तिच्या बापालाबी हेच हाय, तिला कळतं."

मी त्यांच्यावर चिडायला हवं होतं. आज चिडते कधी कधी, मनातल्या मनात. आत्या एवढी वर्षं आईला बोलली आणि हा माणूस टेम्पोची चाकं बघत राहिला. पण त्या दुपारी माझ्यात रागाला जागाच नव्हती. मी ढिगाला वळसा घालून त्यांच्याकडे गेले आणि त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडले. नानांना वाटलं मी डोळ्यांच्या दोषासाठी रडतेय. "काय अडत नाय गं," ते म्हणत राहिले. "माझं काय अडलं का?" मी त्यांना काही सांगितलं नाही. मग आम्ही दोघांनी मिळून, वास घेत, दाबत, माल निवडला. गाडीवाल्याला घाई होती म्हणून त्याने खोक्यांत डोकावलं नाही. बाजारात त्या मालाचा काय बोभाटा झाला ते शेजाऱ्याने नंतर आठवडाभर सांगितलं.

नंतर शिकताना मी आमच्या घराण्याचा तक्ता काढला. आजी, म्हणजे नानांची आई, आणि आईचे वडील, सख्खी भावंडं. आजीकडून तो एक्स नानांना आला, आजोबांकडून आईला, आणि मामाची मुलगी केल्यामुळे दोन्ही वाटा माझ्यापाशी येऊन मिळाल्या. दादाला आईचा चांगला एक्स लागला, मला दुसरा. आत्या म्हणायची तसं ते फक्त वणीकडून आलेलं नव्हतं, आणि तिच्या स्वतःच्या अंगातही असू शकत होतं. माझा मुलगा रंगांध आहे. माझे दोन्ही एक्स तसलेच, त्यामुळे मुलगा झाला तर तसाच होणार हे मला तो पोटात असल्यापासून माहीत होतं. तो बोलायला लागला त्या वर्षीच मी त्याला सांगून टाकलं. तो सगळ्या जगाला सांगत फिरतो, त्याला त्यात काही वाटत नाही.

त्या नवरात्रात आई वणीहून चौथ्या दिवशी आली. आल्या-आल्या तिने विचारलं, जेवणाचे काय हाल झाले. मला राहवलं नाही. चुलीपुढे ती एकटी असताना मी तिला सगळं सांगून टाकलं: पुस्तकातले ठिपके, तो चौकोन, व्यापारी, जिलबी, जिन्याखालचा कट्टा, सगळं. बोलता बोलता तिचा चेहरा दगडासारखा झाला. तिने तव्यावरची भाकरी उलटली नाही, ती जळली. मग ती उठली आणि बाहेर गेली. तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. ताट वाढायची, डबा भरायची, पण बोलायची नाही. मी तिला तीन महिने जे दिलं होतं ते तिने मला तीन दिवस दिलं, आणि मला ते सोसवेना.

चौथ्या दिवशी मी कॉलेजला गेले नाही. आई मळ्यात मेथी उपटून बांधावर जुड्या बांधत बसली होती. मी जाऊन शेजारी बसले आणि जुड्या बांधायला लागले. मेथी हिरवीच असते, तिच्यात माझी चूक होत नसे. दहा-बारा जुड्या झाल्यावर ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला का नाय विचारलं?"

"भीती वाटली."

"कशाची?"

"तू हो म्हणशील याची."

तिच्या हातातली जुडी तशीच राहिली. "विचारायचं व्हतं," ती म्हणाली. "लय मारलं असतं तुला. पण मारून झाल्यावर सांगितलं असतं की. तीन महिने अशी एकलीच बसली तू, जिन्याखाली नि घरात, ते तरी टळलं असतं."

एवढं बोलून तिने खरंच माझ्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला, आणि मग तो हात तिने बराच वेळ पाठीवरून उचलला नाही.